अंगावरची आई

आईच्या लुगड्यांनी आमचं लोखंडी कपाट इतकं गच्च भरलं होतं, की दार लावायला मला गुडघा द्यावा लागायचा. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. आमचे हे म्हणायचे, "कुणाला तरी देऊन टाक." मी ह्यांच्याशी भांडायचे आणि परत दाराला गुडघा द्यायचे.

गेल्या दिवाळीआधी मुरुम गावातल्या आमच्या गल्लीत जुन्या लुगड्यांच्या वाकळा-गोधड्या शिवणारी एक मावशी आली. पदरात मोठी सुई खोचलेली, तोंडात सुपारी. कपाट बघून तिनं विचारलं, "टाकायचंय का ठेवायचंय?"

"ठेवायचंय," मी फणकारले.

"मग कपाटात कशाला, ताई? अंगावर ठेवा की."

ओट्यावर तिनं लुगडी पसरली. लांबी सारखी करायला जास्तीचं फाडावं लागणार होतं. आईचं इरकल लुगडं माझ्या हातात देत ती म्हणाली, "हे लेकीनंच फाडावं. शिवणं तेवढं माझं."

टर्रकन आवाज झाला आणि मला रडू फुटलं. ती सुईत दोरा ओवत, माझं रडून होईपर्यंत बसून राहिली.

शेवटची कड शिवण्याआधी तिनं भाकरीचा वाळका कुटका मागून घेतला आणि आत सारला. "उपाशी वाकळ ऊब देत न्हाय."

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कुठं असेल तिथं तिच्या बोटांना सुई न टोचो.

कपाटाचं दार आता एका बोटानं लागतं. आणि थंडी पडली की आमचे हेच वाकळ अंगावर ओढत म्हणतात, "तुझ्या आईला जरा इकडं सरकव की."