कॅज्युअल्टीतला पहिला प्रश्न

सोलापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, विम्याच्या डेस्कवर मी अकरा वर्षं काढली. अशा खुर्चीत किस्से शोधावे लागत नाहीत, स्ट्रेचरवरून आपोआप येतात! मित्र जमले की म्हणतात, "बिराजदार, सांग की एखादा." मी सांगतो, ते हसतात. हल्ली मला सांगताना लाज वाटते, एवढंच.

*

आधी आमची पद्धत. अपघाताचा पेशंट आला की आमचे जुने वॉर्डबॉय रज्जाकमामा स्ट्रेचर माझ्या डेस्कपाशी आणून चाकावर पाय ठेवून ते तिथेच रोखायचे. मी विचारायचो, "विम्याचं कार्ड आहे का?" असलं तर आयसीयू. नसलं तर मलमपट्टी आणि सरकारी दवाखाना.

नव्या नर्सने एकदा विचारलं, "मामा, ॲक्सिडेंटचे पेशंट कुठे न्यायचे?"

मामा म्हणाले, "कारड है तो उप्पर, नै तो गेट के बाहर!"

*

बार्शीचा एक टेम्पोवाला आला. दोन्ही पाय मोडलेले, पण शुद्धीवर. "इन्शुरन्स आहे का?"

"हाय की! फुल हाय!" कण्हत कण्हत त्याने खिशातून कागद काढले. ते टेम्पोचे होते!

"अहो, तुमचा स्वतःचा?"

"माजा कशाला? मला कुटं आरटीओ अडवतोय?"

सगळं डेस्क खो खो हसलं. टेम्पो गॅरेजला गेला, तो सरकारी दवाखान्यात. पुढे त्याचा एक पाय काढावा लागला म्हणे. हे मात्र मी मित्रांना सांगत नाही.

*

मंगळवेढ्याचे एक व्यापारी स्कूटरवरून पडले. गुडघा खरचटला होता, पण पॉलिसी दणदणीत. सगळे स्कॅन झाले. तिसऱ्या दिवशी वैतागून म्हणाले, "डॉक्टर, मला झालंय तरी काय?"

आमचा ज्युनियर डॉक्टर म्हणाला, "काही नाही काका, पॉलिसी लई चांगली आहे तुमची!"

काकाही हसले. त्याच दिवशी बेड नाही म्हणून मी दोघांना परत पाठवलं होतं.

*

एकदा छातीला मार लागलेला माणूस डेस्कसमोर पडून होता. नव्या डॉक्टर मॅडम धावत आल्या. "बीपी किती आहे?"

मी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणालो, "अजून अप्रूव्हल नाही, मॅडम!"

सवय हो! मामांना बाजूला सारून मॅडमनी स्ट्रेचर स्वतःच ढकलत नेलं. मी मान खाली घालून फॉर्म भरत बसलो.

*

आता एकच. टेंभुर्णीजवळ मोटारसायकल घसरून डोक्याला मार लागलेल्या नवऱ्याला घेऊन सुनंदाबाई आल्या. कार्ड सोबत नव्हतं. मी म्हणालो, घरी बघा, दिराला फोन लावा, फोटो मागवा. यात पाऊण तास गेला. शेवटी कार्डच काढलेलं नाही असं कळलं आणि मी त्यांना सरकारी दवाखान्यात पाठवलं. नवरा वाटेतच गेला.

काही महिन्यांनी बाई परत डेस्कवर आल्या. सोबत दोन मुली. आता शिव्या बसणार, असं वाटलं. बसाव्यात, असंही वाटलं. त्यांनी पिशवीतून तीन नवी कोरी कार्डं काढली आणि माझ्यासमोर ओळीने मांडली.

"सायेब, ह्ये माजं, आन् ह्ये दोगी पोरींची. झेरॉक्स काडून हितंच ठेवा. आमाला कुनाला काय झालं, तर इचारन्यात टाईम जायला नगं."

मी उठलो आणि तिन्हींच्या झेरॉक्स काढल्या.