भंडाऱ्यावरचा हात

पाथर्डीच्या ऊसतोड्यांच्या वस्तीत रंगुबाईला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. बाई फटकळ, पण शब्दाची पक्की. हयात उसाच्या फडात गेली, पाठीनं साथ सोडली तेव्हा कुठं कोयता खाली ठेवला. पोरासोरांना ती एकच गोष्ट शिकवत आली: मुकादमाची आगाऊ उचल घेतली, देवाच्या भंडाऱ्यावर हात ठेवून आण घेतली, की फडावर जायची गाडी चुकवायची नाही. मग जीव गेला तरी बेहत्तर.

औंदा नगरपालिकेची निवडणूक लागली. गावातलं बडं प्रस्थ म्हणजे काकासाहेब, तेच इथून उभे. त्यांनी वस्ती उठवून तिथं दुकानांचे गाळे काढायचा घाट घातलेला. लाल बावटेवाल्यांनी दोन-चार डाव्या संघटनांची मोट बांधली आणि उमेदवारी घातली रंगुबाईच्या गळ्यात. "एकाबी झोपडीला हात लावू देनार न्हाई," असं सांगत ती दारोदार फिरली. पण सांगणार कुणाला, कपाळ! मतदान ऐन हंगामात आलेलं. दारांना कुलपं, धडधाकट माणूस तेवढा कारखान्यावर गेलेला.

त्यांना आणायला आघाडीकडं वाहन नव्हतं. होती ती कार्यकर्त्याची एक फटफटी, तीही ढकलल्याशिवाय चालू व्हायची नाही. काय डोंबलाची निवडणूक लढवणार? तरी बाईला आस होती. पोरं येतील, कशीबी येतील.

आणि आली की! मतदानाच्या सकाळी शाळेपुढं जीपांची रांग लागली, वस्तीच्या वस्ती खाली उतरली. रंगुबाईला भडभडून आलं. पुढच्याच जीपमधून तिचा कल्याण उतरला. आईच्या पाया पडला, पण मान काही वर करेना.

"कुनाच्या जीपा रं?"

"काकासाहेबाच्या. मुकादमानंच बसवलं. बसायच्या आदी, मत काकासाहेबालाच म्हनून, समद्यांचा हात भंडाऱ्यावर ठिवून घेतला, आई."

"आरं येड्या, घर जाईल आपलं!"

"ठावं हाय. पन हात ठिवला की फिरायचं न्हाई, हे तूच शिकवलंस न्हवं?"

रंगुबाईला वाटलं, द्यावी एक थोबाडीत आणि सांगावं, मोड ती आण, असल्या लबाडांशी कसलं इमान! शब्द ओठापर्यंत आले. पण जन्मभर जे शिकवलं ते आज कुठल्या तोंडानं पुसायचं? ती बाजूला झाली. कल्याण आत जाऊन आला. बोटाला शाई, तोंडावर प्रेतकळा. त्याच्यामागं सगळी वस्ती तशीच आत गेली आणि तशीच बाहेर आली. निकालाची वाट बघायचं कारणच उरलं नाही.

जीपवाला भोंगा वाजवायला लागला. फडातली तोड थांबली होती ना! रंगुबाईनं भाकरी-ठेच्याचं फडकं कल्याणच्या हातात दिलं.

"पाडव्याला येतो, आई."

"ये. पन वस्तीकडं जाऊ नगंस. हितं शाळेपाशी इचार, मी कुठं ऱ्हाते ते कुनीतरी सांगंल."