रापणीतला वाटा

आमच्या किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं ओढताना दोराला जो हात लावील, त्याला मासळीचा वाटा मिळतो. म्हणून एका सकाळी मीही ओढायला लागलो. जाळं काठाशी आलं, बांगडे चमचमले आणि मधोमध जाळ्यात पाय अडकलेलं भलंमोठं कासव दिसलं. रापणीचे म्होरके तात्या सुरी घेऊन पाण्यात शिरले.

"तात्यानु, जाळा फाटतला!" कोणीतरी ओरडलं.

"जाळा उद्या शिवूक येतला. ह्येचो पाय तुटलो तर कोण शिवतलो?" म्हणत तात्यांनी जाळं कापलं.

भोकातून बांगडे सुटले, मागोमाग कासव. लाटेने त्याला उचललं तेव्हा आम्ही सगळे रापण भरून आल्यासारखे ओरडलो. माझ्या पिशवीत जेमतेम कालवणापुरते बांगडे पडले. पण दोर पलीकडून समुद्रानेही ओढला होताच की! त्याचा वाटा आज आम्ही जिवंत पोचवला.