भिंतीपलीकडचा दलाल

कापसाच्या तेजीच्या दिवसांत आम्ही नवरा-बायको अकोल्यात, मोर्णेकाठच्या जुन्या वस्तीत राहत होतो. बाप्तिस्मा घेऊन जेमतेम एक हिवाळा झाला होता. नवरा कापसाच्या गाड्या हाकायचा आणि मी शेजाऱ्याचा रागराग करायची. तेही दिवसभराचंच काम होतं.

शेजारी कापसाचा दलाल. त्याच्या आणि आमच्या घरात भिंत एकच. विलायतेला कापूस कमी पडला आणि या माणसाला शिंगं फुटली. वजन वाढावं म्हणून तो कापसावर पाणी मारायचा, बोऱ्यात गोटे दडवायचा, आणि सकाळी कपाळाला गंध लावून आम्हांला बजावायचा, "तुमी किरिस्ताव झाले. विहिरीवर येऊ नका, पानी बाटते." गल्लीनं त्याचं ऐकलं. मी नदीवरून घागरी वाहू लागले.

प्रार्थना नवीनच शिकले होते, ती त्याच्यावरच वापरली. डोळे मिटून म्हटलं, "प्रभू, याच्या घरावर वीज पाड."

नवरा जेवता जेवता म्हणाला, "अवं, भिंत एकच हाये. जरा पाहून माग."

मग मी वीज सोडली आणि पोटदुखीवर आले.

अमरावतीहून पाद्रीसाहेब घोड्यावर यायचे. त्यांनी सांगितलं, "जो तुम्हांला छळतो त्याच्यासाठी प्रार्थना करा."

"रोज करतो जी," मी म्हटलं. साहेबांना आनंद झाला. काय मागते ते त्यांनी विचारलं नाही. नवऱ्याला मात्र ठसका लागला.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी भिंतीपलीकडून धूर आला. चिलमीची ठिणगी कापसावर पडली होती. सगळ्या मालात तेवढाच ढीग भिजवायचा राहिलेला. गडीमाणसं बाजारात, दलाल एकटाच अंगणात डोक्याला हात लावून उभा. मी धावत तिकडे गेले आणि नदीवरून आणलेल्या दोन्ही घागरी ओतल्या. आग हटेना.

"विहिरीचं काढा, बाई," तो म्हणाला.

दोर हातात घेऊन मी विचारलं, "पानी बाटते ना?"

त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा धुराकडे पाहिलं. "बाटू द्या."

मी काढत गेले, तो नेत गेला. घागर नेताना अर्धं पाणी तो आपल्याच धोतरावर सांडत होता. गंधावर काजळी बसली होती. इतके दिवस मी ज्याला सैतान समजत होते, तो एक घाबरलेला माणूस होता, आणि दमलेलाही. त्या संध्याकाळी प्रार्थनेला बसले, तर त्याच्यासाठी काही वाईट मागताच येईना. नुसतं म्हटलं, "प्रभू, याले सांभाळ. मलेबी."

तो काही सुधारला नाही. आग आपण एकट्यानंच विझवली असं त्यानं गल्लीभर सांगितलं. विहिरीवर मात्र मला पुन्हा कुणी अडवलं नाही. थोड्या दिवसांनी पलीकडून पाणी शिंपडण्याचा आवाज आला. मी भिंतीजवळ जाऊन हाक दिली, "भाऊ, पुन्हा पानी मारून राह्यले काय?"

"नाई, बाई, धूळ बसवून राह्यलो."

"चोरीच हाये थे. काऊन करता?"

"हाये," तो म्हणाला, आणि शिंपडत राहिला.

तेजी उतरली तसा तो बार्शीटाकळीला निघाला. सामानाची गाडी माझा नवराच हाकत होता. गाडी वळेपर्यंत मी दारात उभी राहिले, आणि मला चक्क वाईट वाटलं.