डोळ्यांना आराम देणारी दुर्बीण

२००६ साली, शिकारीचा मोसम सुरू होण्याआधी, जपानमधल्या त्सुकुबात आमच्या शेजारी राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी आपली रायफल कायमची सोडून दिली.

आम्ही घरात त्यांना आजोबा म्हणत असू. माझा नवरा पुण्याहून एका जपानी कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या कामावर आला होता आणि आजोबांच्या रताळ्याच्या शेतालगतचे घर आम्हाला भाड्याने मिळाले होते. डोंगरातून रानडुकरे उतरत आणि सरीच्या सरी उकरून टाकत. वस्तीत रायफल एकच होती. शेजारी हाकारे घालत, गोळी आजोबा झाडत.

त्या वर्षी त्यांना समोरचे धुरकट दिसू लागले. देवदारांच्या रानात भर दुपारीही उजेड कमी असतो. दोष त्यांनी रायफलवरच्या जुन्या दुर्बिणीला दिला. बंदुकांच्या दुकानात दोन नव्या होत्या. एक स्वस्त, दुसरी परदेशी आणि बरीच महाग. महाग दुर्बिणीचे माहितीपत्रक इंग्रजीत होते, म्हणून आजोबा ते घेऊन आमच्याकडे आले.

नवरा ऑफिसात क्लायंटपुढे वाचतो तसे ओळीने जपानीत सांगत गेला. ‘लाँग आय रिलीफ’पाशी तो थोडा अडखळला आणि म्हणाला, “मे गा राकु.” डोळ्यांना आराम. आजोबांनी ते पुन्हा म्हणायला लावले, मग स्वतः म्हणून पाहिले. त्यांची पत्नी दारात उभी होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा झिजत चाललाय असे सांगितले आहे, आरामाचे काही बोलले नाहीत, एवढेच त्या म्हणाल्या. आजोबांनी महागडी घ्यायचे ठरवले होते.

शनिवारी आम्ही चौघे दुकानात गेलो. आजोबांनी आधी आरामाचेच विचारले. दुकानदाराला प्रथम कळेना. मग त्याने समजावले, की ते डोळा आणि काच यांच्यातले अंतर आहे. गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्याने नळी भुवईवर आदळू नये म्हणून ते जास्त हवे. डोळ्यांच्या आजाराशी त्याचा संबंध नाही. माझ्या नवऱ्याने ऑफिसात शिकवतात तसे कमरेत वाकून माफी मागितली.

दुकानदाराने दोन्ही दुर्बिणी खिडकीकडे तोंड करून लावल्या. रस्त्यापलीकडे काकी नावाच्या नारिंगी फळांचे झाड होते. स्वस्त दुर्बिणीत मला नारिंगी ठिपके दिसले, कडांना अंधार. महाग दुर्बिणीत प्रत्येक फळाचा वाळका देठ वेगळा दिसला.

आजोबांनी एकीतून पाहिले, दुसरीतून पाहिले, परत पहिलीकडे आले.

“सारख्याच आहेत.”

दुकानदाराने महागडीची काच पुसली आणि त्यांना पुन्हा बघायला सांगितले.

“सारख्याच. ओकुसान, तुम्हाला काय दिसतं?” त्यांनी मला विचारले. ओकुसान म्हणजे वहिनी.

मी काही म्हणण्याआधी त्यांची पत्नी बोलली. नवऱ्याला त्या ‘ओतोसान’, बाबा, म्हणत असत.

“मग स्वस्तातली घ्या, ओतोसान. गेल्या वर्षी तुम्ही म्हणालात, रानात काकी पिकलीय. नंतर ते झाड चालायला लागलं.”

हाकारे घालणाऱ्यांची जाकिटे नारिंगी असतात.

“मी गोळी झाडली नाही,” आजोबा म्हणाले.

“तो शिंकला म्हणून.”

दुकानदार दुर्बिणी उतरवू लागला. आजोबांनी त्याला विचारले, याहून चांगली काही येते का. तो म्हणाला, याहून चांगली बनत नाही.

परतताना गाडी त्यांच्या पत्नीने चालवली. माझ्या नवऱ्याने पुन्हा माफी मागितली. आजोबा म्हणाले, भाषांतर ऐकायला छान होते.

पुढच्या आठवड्यात त्यांनी रायफल त्याच दुकानात दिली आणि परवाना पोलिसांकडे जमा केला. त्या हिवाळ्यात वस्तीत शिकार झाली नाही. डुकरे तीनदा शेतात आली. वसंतात आजोबांनी रताळ्याची रोपे मागवली नाहीत.