हिरवा लगदा

एकोणऐंशी-ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मी तुमसरला शाळेत मास्तर होतो आणि उरलेल्या वेळात लेखक. बायकोचं म्हणणं होतं की हे उलटं आहे. मी आधी लेखक, उरलेल्या वेळात मास्तर, आणि त्यातूनही काही शिल्लक राहिलं तर बाप. तिच्या म्हणण्याला पुरावा होता. आदल्या हिवाळ्यात एका रविवारी ती तिच्या बहिणीकडे गेली असताना मी लिहायला बसलो. संध्याकाळी ती परत आली तेव्हा दोन्ही पोरं पोत्याजवळ बसून कच्चे तांदूळ चावत होती आणि चुलीवरच्या वरणाचा कोळसा झाला होता. मला भूक लागली नव्हती, म्हणून कुणालाच लागली नसेल असं मी धरून चाललो होतो.

तीही शिक्षिका. त्या उन्हाळ्यात तिला सुट्टीतल्या प्रशिक्षणासाठी नागपूरला जावं लागलं, तेव्हा निघताना तिनं एकच अट घातली. "दोन महिने लिहाचं नाव काढाचं नाही. लेकरं तुमच्याजवळ हायेत." मी म्हटलं, कबूल. तिनं माझ्या खिशातलं पेन काढून आपल्या पर्समध्ये टाकलं. एवढा आमचा एकमेकांवर विश्वास.

खरं तर थांबायला हरकतही नव्हती. दोन हिवाळे खपून लिहिलेली माझी पहिली कादंबरी पुरी झाली होती आणि नागपूरच्या एका प्रकाशकानं ती जूनमध्ये घेऊन या म्हणून कळवलं होतं. कुणालाही, बायकोलाही, मी ती दाखवली नव्हती. दुसरी प्रत नव्हती. शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिकांची मागची कोरी पानं काढून मी त्यांवर लिहायचो, त्यामुळे कागदाला खर्च नव्हता. ऐट होती ती शाईत. मोठे साहेब लोक हिरव्या शाईनं सही करतात, म्हणून मी हिरव्या शाईनं लिहायचो. तेवढीच आमची साहेबी.

दोन पोरं, वाचनालयातून आणलेली पिशवीभर पुस्तकं आणि दोन गठ्ठे घेऊन मी आंधळगावला माझ्या मोठ्या बहिणीकडे गेलो. तिला आम्ही बाई म्हणायचो. एक गठ्ठा बाईसाठी होता. आमच्याकडे उन्हाळ्यात बायका कागदाच्या टोपल्या करतात. वर्षभर साठवलेली रद्दी पाण्यात भिजत घालायची, चांगली कुजली की भिजवलेल्या मेथ्यांबरोबर उखळात कुटायची, आणि तो लगदा पालथ्या गुंडावर, म्हणजे पाण्याच्या पितळी भांड्यावर, थापून उन्हात वाळवायचा. टोपली अशी टणक होते की कुरड्या-पापड वर्षभर सुखानं राहतात. बाईच्या टोपल्यांना गावात नाव होतं, आणि तिला दरसाल रद्दी पुरवायचा मान माझा, म्हणजे शाळेतल्या टाकाऊ उत्तरपत्रिकांचा. दुसऱ्या गठ्ठ्यात, लाल फडक्यात बांधलेली, माझी कादंबरी होती. ती मागं ठेवायला जीव धजला नाही. दारू सोडलेला माणूस बाटली उशाशी ठेवतो, तसा मी तो गठ्ठा ट्रंकेत ठेवून दिवसातून दोनदा चाचपून बघायचो.

पहिले आठ दिवस मी चिडचिड केली. मग काय झालं कोण जाणे, मजा यायला लागली. सकाळी पोरांच्या आंघोळी, त्यांचे दात, त्यांची भांडणं. दुपारी गरम वारा सुटला की बाई मधल्या खोलीच्या दाराला ओलं पोतं टांगायची आणि आम्ही जमिनीवर आडवे पडून वाचायचो. मी मोठ्यानं वाचायचो. माझा घसा बसला की पोरगी वाचायची. ती चौथी पास झाली होती. वाचताना शब्दावर बोट ठेवायची आणि अवघड जागी श्वास रोखायची. पोरगा साडेपाच वर्षांचा, तो माझ्या पोटावर डोकं ठेवून झोपून जायचा. बाईला अक्षर येत नव्हतं, पण ती मेथ्या निवडत ऐकायची आणि मधेच म्हणायची, "थांब, ते पुन्हा सांग, त्या बुढ्यानं काहून नाही दिलं तिले पाणी?" इतकी वर्षं मी वाचत होतो ते दुसऱ्यानं कसं लिहिलंय हे बघायला. चोर दुसऱ्याच्या घराची कडी बघतो तसं. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा नुसतं वाचलं.

मेच्या मध्याला पुस्तकं संपली. पोरीची भूक संपली नव्हती. ती पुड्यांचे कागद वाचायची, कॅलेंडरच्या मागची पानं वाचायची, आगपेटीवरचं वाचायची. मी कौतुकानं बाईला म्हटलं, "बापावर गेली." बाई म्हणाली, "बापावर नको जाऊ दे, जेवाचं भान राहू दे तिले."

मग पोरगी बदलली. तिनं बोलणं कमी केलं, आणि भावाला एक क्षण सोडीना. गावाला लागून तलाव होता. उन्हाळ्यात पाणी पार मधे गेलेलं असायचं आणि कडेच्या चिखलात गावची पोरं मासे धरायची. आमच्या पोराला तिथं जायचा ध्यास. ही त्याला जाऊ देईना. शर्ट धरून ओढायची, तलावात मगर आहे म्हणून सांगायची, एकदा तर दाराला बाहेरून कडी घालून बसली. तो रडून रडून घर डोक्यावर घ्यायचा. मी दोन-तीनदा समजावलं. एके दिवशी त्याच्या दंडावर तिच्या नखांचे ओरखडे दिसले आणि माझं डोकं फिरलं. "काहून त्याले खेळू देत नाहीस? मोठी मालकीण लागून गेली!" म्हणून मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. ती रडली नाही. तिनं भावाचा हातही सोडला नाही. मला तेव्हा तो हट्टीपणा वाटला.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी, सकाळी मी अंगणात चहा पीत बसलो होतो. बाई रांजणात भिजलेला कागद पिळून पिळून उखळात टाकत होती. दरसाल तिच्या लगद्याला निळसर झाक असायची, पोरांच्या शाईची. या खेपेला ती झाक हिरवी होती. मी गमतीनं म्हटलं, "बाई, यंदा हिरव्या टोपल्या का?" ती म्हणाली, "मेथ्यानं आला असंल रंग."

मेथ्या अजून वाटीतच होत्या.

मी कप कुठं ठेवला आठवत नाही. आत धावलो, ट्रंक उघडली. गठ्ठा जागेवर होता, लाल फडकं, तीच गाठ, तेवढाच जाड. माझा जीव भांड्यात पडला. तरी गाठ सोडली. आत सातवीच्या भूगोलाच्या उत्तरपत्रिका होत्या. पहिल्याच पानावर भारतातल्या नद्या, आणि माझ्याच लाल पेनानं दिलेले दहापैकी चार गुण. दिवसातून दोनदा मी हे चाचपत होतो.

अंगणात येऊन मी रांजणात कोपरापर्यंत हात घातले. गार, बुळबुळीत, आंबूस वासाचा चिखल हाती आला. एका तुकड्यावर दोन अक्षरं होती, हिरवी, फुगलेली; बोट लागताच तीही गेली. दोन हिवाळे. मग मला जे नेहमी होतं ते झालं, तळपायाची आग मस्तकात गेली. मी बाईवर तुटून पडलो. काय बोललो ते सगळं इथं लिहिणार नाही. एक लिहितो, कारण ते मला विसरता येत नाही. ज्या बहिणीनं आई गेल्यावर मला वाढवलं, स्वतः शाळेचं तोंड न पाहता मला शाळेत पाठवलं, तिला मी तिच्याच अंगणात ओरडून म्हणालो, "तुह्यासाठी तं काला अक्षर भैंस बराबर! तुले काय समजते, रद्दी कोणती अन् कादंबरी कोणती!"

बाईनं हात पदराला पुसले. "बापू, मले वाचता नाही येत," ती म्हणाली, "पण तुह्यं गठुडं कोणतं ते ओळखता येते. मीनं त्याले हातबी नाही लावला."

"मंग कोणं टाकलं? देवानं?"

"मीनं टाकलं."

पोरगी दारात उभी होती. भावाचा हात हातात. चेहरा पांढराफटक, पण आवाज वाचताना असायचा तसा, स्पष्ट.

आजपर्यंत मला इतका धक्का कशानंही बसलेला नाही, घरातली मरणं मोजूनही सांगतो. चूक असती तर समजलो असतो. पण तिनं ठरवून गठ्ठा सोडला होता, तेवढ्याच जाडीच्या उत्तरपत्रिका मोजून भरल्या होत्या, गाठ माझ्यासारखी मारली होती. दहा वर्षांची पोर. माझी पोर.

"काहून?" एवढंच मला विचारता आलं.

"तुम्ही आपल्या भावाले मारून टाकलं."

"काय?"

"त्याच्या भुवईवरची खूण लिहिली. तो 'र'ले 'ल' म्हणते ते लिहिलं. तुमच्या पोटावर डोस्कं ठेवून झोपते ते लिहिलं. अन् मंग त्याले तलावात बुडवलं." तिचा श्वास अवघड शब्दाशी अडकावा तसा अडकला. "आता तं नाही ना मरणार तो?"

खरं होतं. कादंबरीच्या शेवटी मास्तराचा मुलगा तलावात बुडून मरतो. मुलगा खरा वाटायला हवा, म्हणून मी आमच्या पोराच्या एकेक खुणा उचलल्या होत्या, आणि कुणी ओळखेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. तो प्रसंग मला उत्तम साधला होता.

मी म्हणालो, "अगं, ते खोटं असते. गोष्ट असते ते."

"खोटं होतं तं तुम्ही लिहितानी रडत काहून होते? मीनं पाह्यलं. भाऊ तापानं पडला होता, अन् तुम्ही टेबलावर रडत होते. मंग तुम्ही डोळे पुसले अन् मायले म्हणले, आज मस्त झालं, चहा टाक."

मी तिच्याकडे बघूच शकलो नाही. तापाची ती रात्र मला आठवत होती. पोराच्या तापाची नव्हे. लिखाण जमल्याची रात्र म्हणून आठवत होती. चहा दोनदा घेतला होता. पलीकडे पोर कण्हत होतं, आणि मी त्याला कागदावर पाण्यात ढकलून खुशीत होतो, आणि हे सगळं दारामागून एक पोरगी बघत होती. पुढे मे महिन्यात तिनं पानं वाचली आणि दोन गोष्टी जोडल्या. बारा-तेरा दिवस तिनं हे एकटीनं पोटात ठेवलं. आई नागपूरला. सांगायचं कोणाला? बापाला? बापानंच तर केलं होतं. म्हणून ती भावाचा शर्ट धरून बसली, आणि त्याबद्दल मी तिला मारलं.

बाई खाली बसली होती. तिनं पोराला जवळ ओढून मांडीवर घेतलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बापू, लेकराले जवळ घे." माझ्यानं हललं जात नव्हतं. कादंबरी गेली याचं दुःख कुठं गेलं होतं कोण जाणे. मला फक्त एवढंच हवं होतं की या पोरीनं मला पुन्हा बाप म्हणावं. शेवटी मी गुडघ्यांवर बसलो, लगद्यानं बरबटलेले हात मागं धरून, आणि म्हणालो, "चुकलं माह्यं. मी पुन्हा त्याले काही होऊ देणार नाही. आपल्या घरातलं कोणीच लिहिणार नाही मी. तुलेबी नाही."

वाटलं, आता ती येईल. ती आली नाही. जागेवरून म्हणाली, "मले तं तुम्ही लिहिलंच नाही."

"म्हणजे?"

"मीनं सगळे पानं पाह्यले. दोनदा पाह्यले. माय हाय, आत्या हाय, भाऊ हाय. मी कुठंच नाही." आणि मग इतका वेळ आवरून धरलेलं रडं तिला एकदम फुटलं. "बाबा, मी असती तं त्याले एकट्याले तलावावर जाऊ देल्ली असती का?"

एकुलता एक मुलगा मेला तर वाचक जास्त रडेल, म्हणून मी तिला लिहायला बसण्याआधीच काढून टाकलं होतं. त्यासाठी मला क्षणभरसुद्धा विचार करावा लागला नव्हता. ती आता स्वतः आई झाली आहे, आणि हे तिला सांगायला माझी जीभ अजून उचललेली नाही.