टाळांच्या मागचा आवाज

लॅपटॉपला जोडायचा डॅक घरी आला तेव्हा बायकोनं तो तळहातावर घेऊन वजन पाहिलं.

"एवढंच? मला वाटलं, स्पीकरएवढं काहीतरी असंल."

"गाणं फाइलीत आकड्यांच्या रूपात असतं," मी म्हणालो. "त्याचा पुन्हा आवाज करायचं काम ह्या डबीचं."

"मग इतकी वर्षं कोण करत होतं?"

"लॅपटॉपच. पण जेमतेम."

"मला तर कधी जेमतेम वाटलं न्हाय," असं म्हणून तिनं डबी टेबलावर ठेवली आणि ती स्वयंपाकघरात गेली.

रविवारची सकाळ होती. लॅपटॉपला डॅक, डॅकला अँप्लिफायर आणि त्याला जुनेच दोन स्पीकर अशी जोडणी मी केली. आधी नेहमीची गाणी लावली. पहिला फरक तानपुऱ्यात जाणवला. पूर्वी तो गाण्यामागं एखाद्या पंख्यासारखा घुमायचा. आता एकेक तार छेडलेली कळत होती, आणि एक विरायच्या आत दुसरी त्यात कशी मिसळते तेही. तबल्याचा डावा फुगल्यासारखा वाजायचा, तो आटोपशीर झाला. गायिका ओळ संपवून श्वास घेते, तो श्वास मी पहिल्यांदाच ऐकला. आवाज मोठा झाला नव्हता, पण वाद्यावाद्यांमध्ये मोकळी जागा झाली होती. किंमत वसूल झाली असं वाटावं इतका हा फरक नक्कीच होता.

पण मी डॅक ह्या गाण्यांसाठी घेतला नव्हता. माझ्याकडं आमच्या गावच्या सप्ताहातल्या भजनाची एक कॅसेट आहे. ती पुढं कधीतरी एका दुकानातून फाइलीत उतरवून घेतली. त्या भजनात माझे वडील आहेत. त्यांना आम्ही आबा म्हणायचो.

आबा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होते. तिथंच खोली घेऊन राहायचे आणि सुट्टीला शाहूवाडीकडं गावी यायचे. भट्टीजवळच्या आवाजात वर्षं काढल्यामुळं त्यांना हळू बोलता यायचं नाही. "मीठ दे" म्हणाले तरी शेजाऱ्याला वाटायचं, भांडण लागलं. सप्ताहाला मात्र ते रजा टाकून गावी हजर असायचे. मुख्य गाणारा पुढं पेटीशी, त्याच्यामागं टाळकऱ्यांची रांग, आणि रांगेच्या शेवटी आबा. ओळ उचलायची वेळ आली की ते सगळ्यांच्या किंचित आधीच उडी घ्यायचे. पखवाजवाला मान वळवून बघायचा. पुढच्या ओळीला पुन्हा तेच.

मी मलकापुरात दहावी झालो आणि पुढं शिकायला कोल्हापूरच्या वसतिगृहात आलो. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. पहिल्या वर्षी प्रॅक्टिकल आणि सप्ताह एकाच आठवड्यात आले. आबांनीच बजावलं, "यायचं न्हाय. परीक्षा सोडून टाळ कुटायची गरज न्हाय." सप्ताह संपल्यावर ते गावाहून थेट वसतिगृहावर आले आणि खिशातून कॅसेट काढून माझ्या हातात दिली. "हे घे. तू न्हवतास, म्हणून समदं भजन भरून आणलंय." मी ती खोलीतल्या मित्राच्या टेपवर किती वेळा ऐकली असेल! पदवीचा निकाल लागला तोवर आबा होते. मोबाइल आले तोवर नव्हते. फोटो दोन-तीन आहेत. आवाज मात्र ह्या कॅसेटशिवाय दुसरीकडं कुठंच नाही.

त्यातही तो सरळ ऐकू येत नाही. टाळांच्या गजरामागं एक जाड, रुंद आवाज आहे, ओळीचं शेवटचं अक्षर लांब ओढणारा. तेच आबा. लॅपटॉपवर तो टाळांत बुडालेला असायचा. त्याला थोडा वर आणावा, एकदा तरी नीट ऐकावा, एवढ्यासाठी हा खर्च.

मी फाइल लावली आणि डोळे मिटले. कॅसेटची खरखर गेली नव्हती, उलट जास्त स्पष्ट झाली होती. एकाच माइकवरचं ध्वनिमुद्रण, त्यामुळं डावं-उजवं काही नाही, पण जवळचं आणि लांबचं आता वेगळं कळत होतं. पखवाजाची कणीक लावलेली बाजू भरीव वाजत होती. टाळ एरवी पत्रा बडवल्यासारखे वाटायचे, आता त्यांतल्या जोड्या सुट्या झाल्या. आणि त्यांच्यामागून तो जाड आवाज खरोखरच वर आला. मी पुढं सरकून बसलो.

ओळ उचलण्याआधी तो आवाज नाकातल्या नाकात बारीक सूर लावून बघत होता. इतकी वर्षं तो सूर पेटीत मिसळून जायचा. पुढच्या ओळीआधी पुन्हा तोच सूर. त्याच्या पुढच्या ओळीआधीही.

आबा असं कधी करत नव्हते. सूर लावून बघायला थांबायचा धीरच त्यांना नव्हता. नाकात सूर लावायची सवय तात्यांची, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांची. दोघं एकाच माणसाच्या हाताखाली भजन शिकलेले. आमच्या गावातली सगळीच माणसं शेवटचं अक्षर तसंच ओढतात. त्या ओढण्यावरच मी आबांना ओळखत आलो होतो.

मी डॅक काढला आणि फाइल पूर्वीसारखी लॅपटॉपवरून लावली. आवाज पुन्हा टाळांत बुडाला. पण आता तो तात्यांचाच होता. कसाही ऐकला तरी तात्यांचाच.

मग गावी तात्यांना फोन लावला. ते गोठ्यात होते.

"तात्या, त्या सप्ताहाच्या टेपीत आबा कुठं उभं हाईत?"

"कुठल्या टेपीत?"

"माझी प्रॅक्टिकलं होती त्या वर्षीच्या."

"आन् त्यो उभा कुठं हुता मर्दा? पुढ्यात बसलावता की टेप मांडीवर घिऊन. शिरोलीतनं कुणाचा तरी मागून आणलावता."

"मग गायलं न्हाईत?"

"कसा गाईल? आम्ही म्हणालो, तुझ्याबिगर रांग मोकळी दिसतीया, ये की. तर म्हणला, माझा आवाज माइकाच्या तोंडाशी आला तर पोराला दुसरं काय ऐकू येणार न्हाय. मग जे गप बसला ते गपच. कोण खोकलं तर डोळं वटारायचा. पखवाजवाला म्हणला, आज पयल्यांदा माझा ताल जाग्याव हाय." तात्या हसत सुटले. हसताना त्यांना ठसका लागला.

मी लॅपटॉपवर अजून चालू असलेलं भजन थांबवलं.

"का रं? आज एकदम टेपीचं काय काढलंस?"

"नवीन मशीन आणलंय. त्याच्यावर ऐकत होतो."

"मग कशी झालीया टेप?"

"चांगली झालीय. सगळ्यांचं आवाज सुटं सुटं ऐकू येत्यात. तुमचा तर एकदम स्वच्छ."

"व्हय?" तात्यांना आनंद झाला. "मग झालं की! त्याला तेच पायजे हुतं."

"व्हय," मी म्हणालो.

बायको दारात येऊन उभी होती. तिनं अर्धंमुर्धं ऐकलं असावं. "सापडला का आवाज?" तिनं विचारलं. मी नकारार्थी मान हलवली, तेव्हा ती माझ्या शेजारी येऊन बसली.

मी डॅक पुन्हा जोडला आणि भजन आम्ही दोघांनी शेवटपर्यंत ऐकलं. ते आबांनी माझ्यासाठी गप्प बसून भरून आणलं होतं, आणि त्याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी राहीन. तरी प्रत्येक ओळीला मनात येत राहिलं, त्यांनी गायला हवं होतं. बाकीच्यांचा आवाज दबला असता तरी चाललं असतं. टेपवर आवाज फाटला असता तरी चाललं असतं.